नेस्टर नावाचं आजारी पिंप

झुल्मा कार्दूननं चौतीस वर्षं आमच्या टेकड्यांवर सायकलवरून टपाल वाटलं आणि एकही पाकीट फोडलं नाही. फोडायची गरजच नव्हती. पाकीट नाकाशी नेलं की तिला आतलं कळायचं. नोटरीच्या पत्राला लाखेचा वास, ब्रसेल्सला राहणाऱ्या मुलींच्या पत्रांना साबणाचा, आणि कुणी प्रेमात पडलेलं असलं की म्हणे पाकिटाच्या डिंकालाच वेगळा वास यायचा. "एकदाच चुकले," ती सांगते. "वास प्रेमाचा होता, पत्र आयकर खात्याचं. पण तो कारकून तेव्हा कुणाच्या प्रेमात नव्हता असं छातीठोकपणे कोण सांगणार?"

ती पन्नाशीला आली तेव्हा तिचा मामा ओडिलॉन वारला आणि त्याच्या गोठ्यातली नऊ लाकडी पिंपं तिच्या गळ्यात पडली. मामा बिअर बनवत नसे, वाढवत असे. हिवाळ्यात झेन नदीकाठच्या ब्रुअरीतून कोवळी लांबिक, म्हणजे नुकती आंबायला लागलेली बिअर, आणायची आणि पिंपात कोंडायची. मग एक वर्षाची, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची अशी तिघींची मोट बांधून बाटल्यांत भरायची. बाटलीत ती पुन्हा जागी होते, फेसाळते, आणि वर्षभरानं तिला ग्यूझ म्हणायचं. आंबट असते. बाहेरगावचा माणूस पहिल्या घोटाला एक डोळा मिटतो. आम्ही समोर बसून त्याचा दुसरा डोळा कधी मिटतो याची वाट बघतो.

झुल्माला वास कळत होते, पण हा धंदा कुणी शिकवला नव्हता. पहिल्याच उन्हाळ्यात चार पिंपांतली लांबिक घट्ट झाली. पेल्यात ओतली की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटायची. ती घाबरली. सगळं नासलं असं समजून तिनं चारही पिंपं गटारात रिकामी केली. दोन महिन्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर एका म्हाताऱ्यानं तिला सांगितलं, "अगं, आजारी पडली होती ती. आजारपण येतं आणि जातं. बरी झाली की आधीपेक्षा गोड बोलते." झुल्मा तिथेच पायरीवर बसली. आजही तो विषय निघाला की ती दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लागते, आणि झुल्माच्या बाबतीत हे फार दुर्मिळ आहे.

त्यानंतर तिनं पिंपांना माणसांची नावं दिली. नावानं हाक मारली की गटारात ओतायला हात धजत नाही, असा तिचा हिशोब. टपालाच्या वाटेवरची माणसं उचलली, ज्याचा स्वभाव ज्या पिंपात उतरला त्याचं नाव त्याला. कुणाला सांगितलं मात्र नाही. पिंपावर खडूनं नुसतं आद्याक्षर. मला ठाऊक होतं, कारण तिच्या गोठ्याची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे आणि ती पिंपांशी खणखणीत आवाजात बोलते. नोटरी म्हणजे कोपऱ्यातलं पिंप: स्वच्छ, कोरडं, दोन शब्दांत संपणारं. विधवा लेओन्तीन सुरुवातीला मधाळ आणि मग जिभेच्या कडेला चिमटा. आणि नेस्टर, सगळ्यात जुना. हे नाव नेस्टर पासमान्सवरून, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या नालबंदावरून. पहिल्या घोटाला भांडतो, दुसऱ्याला समजूत घालतो, तिसऱ्याला खांद्यावर हात टाकतो. आणि अंगाला कायम घोड्याचा वास. दोघांच्याही.

हाच नेस्टर, म्हणजे पिंप, गेल्या वर्षी उन्हाळ्यात आजारी पडला. हे दुखणं साधारण तीन-चार महिन्यांत उतरतं. नेस्टरचं चौदा महिने उतरलं नाही. गेल्या वर्षी झुल्माचं मनगट मोडलं होतं, म्हणून ग्यूझ निघालीच नाही. या वर्षी तीन वर्षांची म्हणावी अशी लांबिक तेवढ्या एकाच पिंपात होती. ती नाही तर ग्यूझ नाही, सलग दुसऱ्या वर्षी. कॅफेत लोक हळूच म्हणायला लागले होते की झुल्माचं नाक गेलं, उगाच मेलेल्याची नाडी धरून बसली आहे. त्यात ब्रुअरीचा निरोप आला: कोवळ्या लांबिकची गाडी मंगळवारी येईल, एक पिंप रिकामं ठेवा. रिकामं म्हणजे नेस्टरच. बरा असेल तर बाटल्यांत, नसेल तर गटारात.

ऑगस्टपासून तिनं त्याचा एक थेंब काढला नव्हता. "आजाऱ्याला रोज हलवून विचारायचं नसतं, बरं वाटतं का म्हणून," ती मला म्हणाली.

हे बोलणं चाललं होतं अल्माच्या बेकरीत, गुरुवारी, सर्वसंतांच्या सणाच्या आठवडाभर आधी. अल्मा पाव कापायच्या यंत्रात घालत होती. झुल्मा मला म्हणाली, "नेस्टरचं काही खरं नाही रे. रविवारपर्यंत वाट बघणार." इथे यंत्र सुरू झालं. "नाही सुधारला तर सोमवारी गटारात," हे पुढचं वाक्य यंत्राच्या घरघरीत गेलं. यंत्र थांबलं तेव्हा झुल्मा म्हणत होती, "तीन वर्षं जीव लावला होता मी त्याला."

अल्मानं पाव पिशवीत घातला, सुटे परत द्यायला विसरली, आणि आम्ही दाराबाहेर पडायच्या आत तिनं फोन उचललेला होता.

शुक्रवारी नालबंद नेस्टरच्या दारात तीन भांडी सूप आलं. शनिवारी फादर आले आणि सहज म्हणून दीड तास बसले. नेस्टरनं त्यांना जिन पाजली आणि त्यांच्याच तब्येतीची चौकशी केली. पण रविवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर शेवंतीची कुंडी. शेवंती आमच्याकडे फक्त थडग्यावर ठेवतात, सर्वसंतांच्या सणाला. कुणीतरी सणाची गर्दी टाळून आगाऊ आणून ठेवली होती.

नेस्टर कुंडी काखेत मारून तडक अल्माकडे गेला, अल्मानं झुल्माचं नाव सांगितलं, आणि अकराच्या सुमारास दोघं झुल्माच्या गोठ्यात हजर. मी आधीच तिथे होतो. त्या दिवशी पिंप उघडणार हे ठाऊक असून घरी बसायला मी काही दगड नाही.

"झुल्मा!" नेस्टर गरजला. "मी मरतोय म्हणे. कधी, तेवढं सांग. बुधवारी दात काढायला जायचंय, उगाच यातना कशाला भोगू?"

"कोण म्हणालं तू मरतोयस?"

"तूच म्हणालीस!" अल्मा पुढे आली. "माझ्या दुकानात! नेस्टरचं काही खरं नाही म्हणालीस. जीव लावला होता म्हणालीस!"

झुल्मा कानापर्यंत लाल झाली. नेस्टरचा आवाज एकदम खाली आला. "जीव लावला होता? कधीपासून?"

"तुला नाही रे, गाढवा! ह्याला!" तिनं पिंपावर थाप मारली. खडूचं आद्याक्षर तिच्या तळव्याला लागलं.

नेस्टरनं कुंडी खाली ठेवली, पिंपाला एक फेरी मारली, पोटावरचे पट्टे चाचपले. "हा मी?"

"हो."

"जरा सुटलोय." मग तो वाकून पिंपाजवळ हुंगला. "आणि मला झालंय काय?"

"तार सुटते. चौदा महिने. आज नाही सुधारलास तर उद्या गटारात."

"आणि मला विचारायचं नाही? नाव माझं, अब्रू माझी. चार लोकांत कळलं की झुल्मानं नेस्टरला गटारात ओतला, तर मी कॅफेत तोंड कसं दाखवू? उघड!"

"गप्प बसशील तर उघडते. आणि अल्मा, तो कोळी मारू नकोस. चिलटं तेच खातात, घरातल्या माणसांपेक्षा जास्त काम करतात."

झुल्मानं जीभ साफ करायला पावाचा कोरडा तुकडा चावला. सकाळपासून तिनं कॉफी घेतली नव्हती. पिंपाच्या तोंडाशी बोटाएवढी लाकडी खुंटी असते. ती तिनं चिमट्यात धरली, आणि धरूनच राहिली. "ह्याच्यात काही नसेल," ती कुणाकडे न बघता म्हणाली, "तर नाक गेलं म्हणणारे खरे."

खुंटी निघाली. बारीक धार पेल्यात पडली.

आम्ही चौघंही धारेकडे बघत होतो, तोंडाकडे नाही. तार सुटते का? धार तुटली. स्वच्छ तुटली, थेंब थेंब होऊन, पावसाच्या पन्हळीसारखी! झुल्मानं पेला खिडकीच्या उजेडात धरला. जुन्या पितळेचा रंग, आणि पलीकडे चर्चचा मनोरा आरपार दिसत होता, उलटा, पण टोकावरच्या पत्र्याच्या कोंबड्यासकट. तिनं पेला तिरका केला. लांबिक पाण्यासारखी हलली.

"उतरलं," अल्मा कुजबुजली. "दुखणं उतरलं!"

"दिसायला उतरलं," झुल्मा म्हणाली आणि पेल्यात नाक घातलं. डोळे मिटले. "ओलं गवत," ती म्हणाली. "हिरव्या सफरचंदाची साल. लिंबाची साल, आतली पांढरी. जुनं लाकूड..." मग ती हसायला लागली. "आणि घोडा! घामेजलेला, खोगीर नुकतं उतरवलेला घोडा!"

"मग मीच तो," नेस्टर म्हणाला.

तिनं घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. पुन्हा घेतला. मग पेला आमच्याकडे दिला, आणि तो मला मिळेपर्यंत अल्मानं त्यातला निम्मा संपवला होता. काय सांगू! आधी आंबटपणा दोन्ही गालांना आतून धरून ओढतो, तुम्ही सोड म्हणेपर्यंत तो सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेत एकदम मध, मीठ, ओक लाकडाची तुरट कड, असं काय काय येऊन बसतं, धक्काबुक्की न करता. नुसत्या आंबट बिअरला असं खोल करतं ते आजारपणच. त्या पहिल्या चार पिंपांत काय असेल, असा विचार माझ्या मनात आला. तो झुल्माच्याही मनात आला असणार, कारण तिनं क्षणभर गटाराच्या दिशेनं पाहिलं.

"कशी आहे?" तिनं नेस्टरला विचारलं.

नेस्टरनं जीभ टाळूला लावली. "वाईट नाही."

अल्मानं हातावर हात मारला. आमच्या टेकड्यांत याच्या वर शब्द नाही; लग्नात नवरीबद्दलही एवढंच म्हणतात.

मग मात्र झुल्मा थांबली नाही. काचेचे तीन चंबू टेबलावर आले. विधवा लेओन्तीनमधून एक वर्षाची काढली, नोटरीमधून दोन वर्षांची. मोजपात्रात नेस्टर घातला की कोवळी दबत होती, कोवळी वाढवली की चिमटा फार. तिनं ओतलं, हुंगलं, फेकलं, पुन्हा ओतलं. गाल लाल, केस सुटलेले, टपाल उशिरा निघालं की सायकल हाणायची तशी.

"अर्धा मला घाल," नेस्टर म्हणाला. "तीन वर्षं झोपलोय मी त्यात."

"अर्धा घातला तर तू दुसऱ्या कुणाला बोलू देणार नाहीस."

"मग चाळीस टक्के."

"तीस."

"तीस? चौदा महिने आजारपण काढून तीस?"

"नेस्टर, माझ्या गोठ्यात लिलाव चालत नाही." पण तिनं पुन्हा चव घेतली, भुवया वर गेल्या, आणि मोजपात्रात आणखी एक बारीक धार सोडली. हुंगलं. चाखलं. हात वर केला, म्हणजे कुणी बोलू नका. बाहेर दुपारच्या घंटा सुरू झाल्या, तरी तिनं हात खाली घेतला नाही.

"पस्तीस," ती शेवटी म्हणाली. "पस्तीस टक्के नेस्टर. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. अल्मा, तुझ्या धाकट्या भावाला सांग, उद्या सकाळी बाटल्या धुवायला ये. सगळ्यांना सांग. आता जे काही सांगायचंय ते फोनवरूनच सांग, तू फार लवकर पोचवतेस."