कोयता नावाचा अल्बम

मी कर्जतच्या स्टँडवर हुते, तवा पुण्याच्या चुलतभावाचा, म्हंजी दादाचा, मेसेज आला. "रविवारी क्लाउडचा प्लॅन बंद करतोय. तुझे फोटो उतरवून घे." प्लॅन त्याचा, मी नुसती त्यात घुसलेली. मी लिहिलं, "फोटो तर मोबाईलातच हायेत की, दिसत्यात." त्यानं थेट फोनच लावला.

"येडे, दिसत्यात म्हंजी हायेत असं न्हाई. नेट बंद करून उघड."

नेट बंद केलं आन अण्णा धूसर झाले. अण्णा म्हंजी माझे वडील, ते आता न्हाईत. मागं मोबाईल भरला तवा मीच 'जागा मोकळी करा' दाबलं हुतं. मोबाईलातनं सगळं गेलं, राहिलं फक्त क्लाउडवर.

उतरवायला गेले तर 'जागा शिल्लक नाही'. म्हटलं, चार फालतू फोटो उडवते. दादा ओरडला, "हात लावू नको, हितनं उडवलंस की तिथनं बी उडतंय." म्हंजी उतरवता येईना, उडवताही येईना.

"मग राहू दे की प्लॅन."

"तुझ्या वहिनीनं दुसरीकडं घेतलाय. माझं घरात काय चालतंय का?"

पेनड्राईव्ह घेतला आन स्टँडमागच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदारानं माझं खातं उघडलं, टिका मारल्या, बराच वेळ चकरी फिरली. "झालं बघा ताई."

दादानं बजावलेलं, बघितल्याशिवाय झालं म्हणू नको. बघितलं. कॉलेजचं गॅदरिंग हाय, म्हशीचं रेडकू हाय, अण्णा कुठंच न्हाईत.

"कोयता नावाचा अल्बम कुठाय?"

"त्याची टिक मीच काढली. पोरं कोयते घेऊन रील करत्यात, उगा पोलिसांचं लफडं. तुमाला कशाला पायजे असलं?"

मला हसू पण येईना. "आवो, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणत्यात. माझे आई-अण्णा हायेत त्यात."

"आमी दुकानात बसणारे, आमाला काय म्हाईत."

"व्हय, तुमी नुसता ऊस खाता."

त्यानं टिक मारली, परत चकरी फिरली. मग मोठ्या स्क्रीनवर ते आले. आई मोळी बांधतीय, अण्णा पाचट झाडतायत, दोघांचं बी माझ्याकडं लक्ष न्हाई. आई आता एकटीच तोडीला जाते. मुकादम तिला अर्धा कोयता धरतो.

"अजून एका पेनड्राईव्हवर घ्या," दुकानदार हळूच म्हणला. "ह्याचा भरवसा न्हाई."

घेतलं. दोन्ही मुठीत धरून बाहेर आले, तर दादाचा मेसेज, "करू का बंद?"

मी 'कर' लिहिलं. खोडलं. परत लिहिलं, पण धाडलं न्हाई. मिरजगावची गाडी लागली, मी चढले, आन तिकडनं दादा विचारतोच हाय.