बसल्या बैलाचा सौदा

घोडेगावच्या बाजारात मी बैलांचा दलाल. माझ्या तोंडून गेलेला म्हातारा बैल दाव्याला बांधेपर्यंत खोंड व्हायचा, अशी ख्याती. त्यामुळे हे कोणी खरं मानेल का, ठाऊक नाही. मलाच अजून नीट उमगलेलं नाही.

गावोगाव एसटीडी बूथ नवे होते तेव्हाची गोष्ट. खोकला हटेना म्हणून बायकोने नगरच्या दवाखान्यात नेलं. मारक्या वळूची शिंगं धरणारा मी, एक्स-रेच्या मशीनपुढे घेरी येऊन आडवा झालो. मग झोपवूनच फोटो काढला. छातीत उजवीकडे लिंबाएवढी सावली निघाली. गावात मी नारळाएवढी सांगितली. डॉक्टर म्हणाले, "गाठ दिसतेय. सुई घालून तपासावी लागेल."

बाहेर बाकावर बसलो. खंडोबाला साकडं घालायचं होतं, पण मला मागण्याची एकच रीत ठाऊक: बैलबाजारातली, उपरण्याखाली बोटं धरून गुपचूप भाव ठरवायची. उपरणं पसरलं, आत चार बोटं धरली. देवा, चार वर्षं दे, धाकटीचं लग्न होईस्तोवर.

तर आत कुणाचा तरी हात आला! शेजारी पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते, बाजारातलेच असावेत. माझी बोटं त्यांनी मुठीत घट्ट मिटवली.

"कंचं जनावर हाय?"

"मीच हाय, चाचा." बऱ्याच वर्षांनी मी खरं बोललो. सगळंच सांगितलं.

"झोपवून फोटू काढला? अन् तू दलाल? बसल्या बैलाचा सौदा करतं व्हय कुनी? उठवून बघ की!"

मी आत जाऊन तेच म्हणालो. डॉक्टर आधी चिडले, मग थबकले. बायको दारातून ओरडली, "आता पडलात तर उचलायची न्हाई!" उभा राहिलो. नव्या फोटोत सावली निम्म्याने आक्रसलेली. पुण्याच्या स्कॅनमध्ये कळलं, गाठ नव्हतीच. जन्मापासून रक्ताची वाट वेगळी, म्हणून एक शीर फुगलेली. आडवं झालं की जास्तच. सुई घातली असती तर रक्त आवरलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. खोकला साध्या औषधाने गेला.

चाचांना कितीतरी बाजार शोधलं. दिसले नाहीत. त्यांनी बोटं मिटवली ती सौदा मोडला म्हणून, की वर्षं मोजू नकोस म्हणून? कळत नाही. धाकटीचा मुलगा आता कॉलेजात आहे. खंडोबापुढे जातो तेव्हा उपरणं खांद्यावरच ठेवतो. हात जोडतो, आणि तो देईल ते घेतो.