आतोबांचं दसऱ्याचं टेबल

सुरतेत खाण्यावर जीव टाकणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण जेवणापेक्षा जेवणाच्या टेबलाला जास्त मान देणारा माणूस त्या शहरात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. साठच्या दशकात मी सुरतेच्या एका मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि आत्याकडेच राहायला गेले. आतोबा तार ऑफिसात होते. उभा जन्म लोकांच्या तारा घेण्यात गेल्यामुळे की काय, बोलताना एक शब्द जास्त गेला तर आपल्याच पगारातून कापला जाईल अशा धास्तीनं ते बोलत. ट्रंक घेऊन मी पहिल्यांदा दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “आलीस. छान. चहा?” झालं, स्वागत संपलं. उरलेलं स्वागत आत्यानं केलं, ते रात्रीची भांडी आवरेपर्यंत चाललं होतं. देवानं त्या घराला शब्द एकूण ठरावीकच दिले असावेत आणि त्यातले आतोबांच्या वाटणीचेही आत्यानंच वापरले असावेत, असं मला पुष्कळदा वाटे.

तर ते टेबल. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून तेव्हा पाटावर बसून जेवत. आतोबांच्या ओळखीच्या एक पारशी बाई नानपुऱ्यातलं घर आवरून मुंबईला मुलीकडे निघाल्या होत्या. त्यांचं शिसवी टेबल आतोबांनी घेतलं. टेबल हातगाडीवर चढत असताना त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, “डीकरा, एने सूनुं नहीं राखतो. वच्चे फूल जोईए, हं!” लोकांना गुरुमंत्र हिमालयात मिळतो, आतोबांना तो हातगाडीपाशी मिळाला: टेबल ओकं ठेवायचं नाही, मधे फुलं हवीत. टेबल घरात आलं आणि अर्धी खोली त्यानं गिळली. बाजूनं जायचं तर अंग चोरून जावं लागे. आत्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “मी मेली या ओट्यावर चढून जेवणार नाही. अन्न कसं जमिनीला टेकून खावं.” त्यामुळे एरवी त्या टेबलावर माझ्या तपासायच्या वह्या, पापडांचे डबे आणि वाळत घातलेली साबुदाण्याची फेणी सुखानं नांदत. फक्त दसऱ्याला ते टेबल टेबल होई.

त्याची तयारी घटस्थापनेपासूनच सुरू व्हायची. आतोबा सायकलवरून भागळच्या फुलवाल्यांकडे नुसते बघायला जात. विकत काही घेत नसत, फुलांची तब्येत पाहून येत. “झेंडू. अशक्त,” अशी बातमी घेऊन ते घरी परतत आणि दिवसभर खिन्न असत. बाजारात झेंडू येतो तो माळेसाठी, बिनदेठाचा. तो उभा कसा करायचा, यावर त्यांनी जी युक्ती काढली होती तिच्या आनंदात ते ऑफिसातली बढती हुकल्याचं दुःखसुद्धा विसरले होते. पितळी घंगाळात केळीच्या खांबाचा जाडजूड तुकडा बसवायचा, आणि खराट्याचे हीर काढून त्यांच्या टोकाला एकेक फूल टोचून ते त्या खांबात खोचायचं. दसरा झाला की आमच्या खराट्याला टक्कल पडलेलं असे. आत्या तो उरलेला दांडा हातात घेऊन अंगणात उभी राहायची आणि शेजारणींना दाखवायची, “बघा, या घरात लक्ष्मी कशी यायची?”

बोलण्यातली सगळी काटकसर आतोबा फुलांत भरून काढत. खाली झेंडू, वर शेवंती, मधे ज्वारीची कणसं, मागे उसाची पानं, आणि अजून जागा दिसतेच आहे म्हणून कुठूनतरी आणलेले तेरड्याचे तुरे. मांडणी वर वर जात राही. टेबलाच्या या बाजूचा माणूस त्या बाजूच्या माणसाला दिसत नसे. एकदा त्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ जेवायला होते. त्यांना मीठ हवं होतं आणि मीठ पलीकडे होतं. त्यांनी शेवंतीच्या खालून हात घातला आणि माझ्या श्रीखंडाच्या वाटीत बोटं बुडवली. शेजारच्या शांताबेन दसऱ्याचे फाफडा-जलेबी घेऊन यायच्या, त्या दारातच थबकायच्या आणि म्हणायच्या, “अरे भाई, आ जंगलमां वाघ क्यां संतायो छे?” त्या जंगलात लपलेले आतोबा शांतपणे एक हीर बोटभर वर ओढत.

दसऱ्याचं श्रीखंड सारं जग दुपारी खातं. आमच्याकडे ते संध्याकाळी, दिवे लागल्यावर, कारण मांडणी त्याआधी कधी पुरी झालीच नाही. पानं वाढून झाली की आतोबा स्वयंपाकघराच्या दाराशी जात आणि आत्याला म्हणत, “ये. बस.” दरवर्षी हेच दोन शब्द. आणि दरवर्षी आतून उत्तर येई, “पुऱ्या कोण तळणार? वाढायचं कोणी? आणि बसून तरी बघू काय, झाडी? समोर नवरा बसलाय की चोर, ते कळायचं नाही मला!” आतोबा परत येऊन मुकाट्यानं खुर्चीवर बसत. सगळे मांडणीचं कौतुक करत, पण त्यांचे कान आतल्या कढईकडे लागलेले असत. मला फार वाईट वाटे. एवढी फुलं टोचायची ती कुणासाठी, हे घरातल्या आम्हा दोघांना ठाऊक होतं. जिला ठाऊक असायला हवं ती पुऱ्या तळत होती.

मग ते आपट्याचं वर्ष आलं. दरवर्षी लिंबायतकडे राहणारे सुकदेवभाऊ आपटा आणायचे. ते धुळ्याकडचे, मागावर काम करायचे. गावी पाठवायच्या त्यांच्या तारा आतोबा लिहून देत, त्या ओळखीवर ते सुटीत गावाहून येताना आपट्याची जुडी आणत आणि ओळखीची सारी मराठी घरं त्या सोन्यावर दसरा करत. त्या वर्षी त्यांना गावी जाता आलं नाही, आणि बाजारातही आपटा दिसेना. आतोबांनी मात्र व्याऱ्याच्या तार ऑफिसातल्या मित्राकडून रानातल्या चांगल्या मोठ्या फांद्या मागवल्या होत्या. त्या आल्या आणि आतोबांचं भान हरपलं. या वर्षी कणसं, ऊस सोडून त्यांनी सगळ्या फुलांभोवती आपटाच आपटा उभा केला, जोडपानं एकाआड एक पुढे काढली, आणि मागे सरून बघत मला म्हणाले, “या वर्षी बसेल.” सलग तीन शब्द! मी समजले की काम फार गंभीर आहे.

पण दसऱ्याच्या संध्याकाळी आपटा म्हणजे शोभा नसते, ते सोनं असतं, आणि सोनं लुटायचं असतं, एवढी साधी गोष्ट त्या सुगरण हातांना सुचली नाही. दिवे लागले आणि पहिले आले सुकदेवभाऊ, बायकोला घेऊन. दारातच ओशाळून म्हणाले, “बाबूजी, यंदा गावले जावानं जमनं नही. सोनंबिगर उनू.” आणि मग त्यांची नजर टेबलावर गेली. “हाई पाहा! बाबूजीनी ते आख्खं झाड उभं करेल शे!” त्यांनी भक्तिभावानं एक जोडपान तोडलं, आतोबांच्या हातात दिलं आणि पायांवर डोकं ठेवलं. आता दसऱ्याचं सोनं कोणी परत करतं का? आतोबांनी “अहो. ते. टेबलाचं,” असं काहीसं म्हटलं, पण तोवर मागून आणखी मंडळी आली होती. तीही रिकाम्या हातांनीच. शहरभर हिंडून आपटा मिळाला नाही, आणि इथे आतोबांनी सगळ्यांसाठी सोनं मांडून ठेवलेलं! कोण देवमाणूस! आतोबांचाच आपटा आतोबांना देऊन लोक त्यांच्या पाया पडू लागले. त्यांचे दोन्ही खिसे त्यांच्याच मांडणीनं भरले. आपटा संपल्यावर शांताबेन आल्या आणि “स्कूटरनी पूजा बाकी छे” म्हणत ओंजळभर झेंडू घेऊन गेल्या. मग शेवंतीला तरी कोण सोडतं, ती आयाबायांच्या अंबाड्यांवर बसून गेली. जेवायला बोलावलेले ऑफिसातले गृहस्थही या गर्दीत आले, सोनं घेतलं आणि जेवायचं विसरून तसेच पुढच्या घरी गेले.

सगळे पांगले. टेबलावर घंगाळ, त्यात केळीचा खांब, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या आपट्याच्या उघड्या काड्या नि खराट्याचे हीर. साळिंदर बसावं तसं ते दिसत होतं. मला हसू आवरेना आणि आतोबांच्या तोंडाकडे बघितल्यावर हसताही येईना. ते पानावर बसले होते, खिशातून आपट्याची पानं डोकावत होती. त्या वर्षी ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेलेच नाहीत.

आत्या पुऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. ते साळिंदर तिनं पाहिलं, मग पलीकडे पाहिलं. त्या टेबलापलीकडचा आपला नवरा तिला दसऱ्याला पहिल्यांदाच दिसत होता. ती बोलायची थांबली, हे मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. तिनं पुऱ्या खाली ठेवल्या, कढई उतरवून आली, आतून आपलं ताट आणलं, आतोबांच्या समोरची खुर्ची ओढली आणि तिच्यावर चक्क मांडी घालून बसली. “बरं झालं लुटलं मेल्यांनी,” ती म्हणाली. “समोर कोण आहे ते तरी दिसलं. केवढे वाळलात हो! रोज मीच वाढते आणि माझ्याच लक्षात येत नाही.” आतोबा एकदम उठले. तिच्या ताटात पुरी घातली, मग दुसरी, मग श्रीखंड, मग पुन्हा पुरी. आत्या “पुरे, पुरे” म्हणत राहिली, पण तिनं ताटावर हात आडवा धरला नाही. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की माझं पान कोणी वाढलेलंच नाही हे मला सगळ्यात शेवटी कळलं.

पुढच्या दसऱ्यापासून मांडणी एकदम ठेंगणी झाली. घंगाळ माळ्यावर गेलं आणि परात आली. परातीत पाणी, पाण्यावर झेंडू आणि कडेनं आंब्याची पानं. वाटीपेक्षा उंच काही म्हणून नाही. शांताबेननी विचारलंसुद्धा, “भाई, जंगल कपाई गयुं?” आतोबा म्हणाले, “हा.” समोर आत्या मांडी घालून बसलेली असायची आणि परातीवरून त्यांना सगळ्या गावाच्या बातम्या सांगायची. खराट्याला केस आले.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आतोबा गेले. फार बोलले नाहीत, जातानाही. वर्षभर घरात सण नव्हता. मी तोवर वेगळी राहू लागले होते. वर्षश्राद्धानंतरचा दसरा आला तेव्हा आत्यानं मला सकाळीच निरोप पाठवून बोलावून घेतलं. मी पोहोचले तर माळ्यावरचं घंगाळ खाली आलेलं, केळीचा खांब त्यात बसवलेला, आणि ती अंगणात बसून खराट्याचे हीर काढत होती. दुपारभर आम्ही दोघींनी झेंडू टोचला. तिला काही ती कला साधलेली नव्हती, फुलं वेडीवाकडी उभी राहत, पण ती वर वरच चढवत होती. ज्वारीची कणसं, उसाची पानं, सगळं. शेवटी मी म्हटलं, “आत्या, ठेंगणीच करू या ना. आतोबा करायचे तशी, परातीत.”

“नको गं,” ती म्हणाली. “उंचच असू दे. पलीकडची खुर्ची दिसायला नको.”

दिवे लागले. तिनं दोन पानं वाढली, दोन्ही फुलांच्या अलीकडच्या बाजूला. खुर्चीवर मांडी घातली, शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली आणि एवढंच म्हणाली, “ये. बस.”