चाचांनी मोडलेला लेख

मुलांनो, लिहिण्याची ओढ मला लागली ती नगरच्या एका छापखान्यात. तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि मी मॅट्रिकला होते. तिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवणारे चाचा प्रत्येक वाक्य पुटपुटत, चव घेतल्यासारखं.

शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी आमच्या पुणतांब्याच्या गोदावरीवर लेख दिला होता. त्यात ‘रजतधवल जललहरी’ वगैरे होतं. तो जुळवलेला पाहायला मी गेले, तर चाचांनी मलाच विचारलं,

“ताई, पूर आला की तुमच्या घरात पैलं काय करत्यात?”

“आत्या लोणच्याच्या बरण्या माळ्यावर चढवते. मग आजोबांना.”

चाचा पोट धरून हसले. “मग हे का न्हाई लिवलं?”

“असलं कुणी छापतं का?”

चाचांनी सकाळभर जुळवलेला माझा लेख मोडला आणि खिळे खणांत परत टाकले. मला रडूच आलं. अंक दुपारी मशीनवर चढणार होता.

“रडू नका, लिवा. मी जुळवतो.”

मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसून लिहू लागले. भरलेला कागद ते हातातून ओढूनच घेत. “पुढं? पुढं काय झालं?”

पुढचं लिहिता लिहिता, लहानपणी ऐकून विसरलेलं आजोबांचं बोलणं अचानक आठवलं. माळ्यावरून ते आत्यावर ओरडले होते, “लोणचं मुरलंय, मी अजून कच्चा वाटतं!” ते कागदावर उतरवताना मी एकटीच मोठ्यानं हसले.