मापाचा ब्लाऊज

माझी थोरली जाऊ नलू हिला कोणी एका जागी बसवून दाखवलं, तर मी त्याला बक्षीस द्यायला तयार आहे. काळाचौकीच्या आमच्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून, त्यामुळे तिची येरझार मला भिंतीतूनही कळते. गळ्यात टेप, ओठांत टाचणी, हातात मोबाइल. एक बाही शिवेल की उठून गॅलरीत. काय बघतेस म्हणून विचारावं, तर काही नाही.

ती ब्लाऊज शिवते. पण सगळ्यांचे नाही. ऑपरेशनमध्ये ज्यांचा एक स्तन काढलाय, अशा बायकांचे. आधी ती चाळीतल्या बायकांचंच शिवायची. मग परळला हॉस्पिटलच्या आसऱ्याने राहणारी एक पेशंटबाई तिला म्हणाली, "पदर ओढून ओढून हात दुखतो हो. काही करता येईल का?" नलूने ब्लाऊजला आतून कापसाची पिशवी लावली. कापूस हलका, तो वर चढायचा. मग तिने तान्ह्या बाळाच्या उशीत घालतात तशी मोहरी घातली आणि वर कापसाचा थर दिला. वजन आलं, आकार राहिला, धुवायच्या वेळी पिशवी काढताही यायला लागली. ती बाई आरशासमोर ताठ उभी राहिली आणि रडली. नलूही रडली. मी नाही रडले. मी म्हटलं, "वयनी, पुण्य ठीक आहे. पण असली गिऱ्हाईकं वर्षातून येणार किती?"

उत्तर तिच्या लेकीने, अपेक्षाने दिलं. पोरीने मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. त्यात कोणाचा चेहरा नाही, नुसते आईचे हात आणि तो ब्लाऊज. आमच्या चाळीत असं गिऱ्हाईक एखादंच, एखाद्या गावात एखाददुसरं, तेही कोणाला न सांगणारं. लालबागला दुकान थाटलं असतं तर नलू माशा मारत बसली असती. पण या एकेकट्या बायकांपैकी प्रत्येकीच्या हातात फोन होता. परभणी, शहादा, कणकवली, बेळगाव, कुठून कुठून पार्सलं यायला लागली. प्रत्येकात एक मापाचा ब्लाऊज, आपण शिंप्याकडे देतो तसाच, जुना, नीट बसणारा. नव्याबरोबर तो परत जातो. वर्षभरात नलूच्या खोलीत दुसरं मशीन आलं.

धंदा जमला आणि हिचा जीव थाऱ्यावर राहीना. बाईला समोर उभी करून, खांद्यावर हात ठेवून, "श्वास घे गो" म्हणत माप घेणारी ती. आता नुसतं कापड हातात येतं. "माप इला, पण बाय खंय इली?" असं मला दिवसभर ऐकवते.

गडहिंग्लजकडच्या कमलताईंचं पार्सल आलं तेव्हा तर कहर झाला. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. 'फोटोत पदर न ओढता उभं राहायचं आहे,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. मापाचा ब्लाऊज ऑपरेशनच्या आधीचा होता. नलूने तो उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही बाय आता एवढी रवली नसतली गो. आजारात उतरली असतली."

तिने मेसेज केला, कोणाकडून तरी टेपने माप घ्या. उत्तर आलं, 'घरात फक्त यजमानांना माहीत आहे. त्यांना टेप धरता येत नाही. मुलगी ऑपरेशनच्या वेळी पुण्यात नोकरीला होती, तिला गाठ काढली एवढंच सांगितलंय. याच मापाचा शिवा.'

टेप धरता येत नाही म्हणे! माझं डोकंच फिरलं. नलू मात्र रागावली नाही. तिने दोन्ही कुशींच्या शिवणी मशीनने पक्क्या न करता हाताने कच्च्या टाक्यावर ठेवल्या. माप चुकलं तर लागेल म्हणून जुना ब्लाऊजही परत न पाठवता ठेवून घेतला. नवा कुरिअरने गेला, पोचला, आणि मग सगळं सामसूम. नलू फोन उघडायची, बंद करायची. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला तिने डावीकडे उजवी बाही लावली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मेसेज आला. 'सैल होतोय. पिशवी खाली सरकते. राहू दे, मी शाल घेईन.'

मे महिन्यात शाल! आणि तीही पोरीच्या लग्नात! नलूने फोन लावला, त्यांनी उचलला नाही. ती बॅग भरायला निघाली. मी म्हटलं, अगं, दादरहून आत्ता गाडी मिळाली तरी पोचशील कधी? तेव्हा तिने फोन तोंडाशी धरला. "कमलताई, शिवणी मी मुद्दाम कच्च्या ठेवल्यात. कुशीत थोडं आत घेतलं की बसेल. पण तुमचा त्या बाजूचा हात मागे जात नाही, मला माहीत आहे. कुणाला तरी हाक मारा. बाकी मी इथून सांगते."

मग जी येरझार सुरू झाली, तिच्यात मीही सामील झाले. ती गॅलरीत, मी दारात. चहा केला, तो तसाच गार झाला. न पाहिलेल्या बाईसाठी माझा जीव का खालीवर व्हावा, मला कळेना.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर एक मुलगी. गालांना हळद, हातात हिरवा चुडा, डोळे लाल.

"काकू, मी श्रेया. आईनं आत्ताच सांगितलं मला." मग नाक ओढून म्हणाली, "सुई कुठनं घालायची, सांगा की."

मागे कमलताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. नलू खाली बसली. आधी टाचणी कुठे, मग टाका कुठे, एकेक सांगत राहिली, आणि तेवढा वेळ जागची हलली नाही. मुलीच्या बोटांची हळद अस्तराला लागत होती. "आई, श्वास घे," ती म्हणाली, "अजून घे." शेवटचा टाका झाला तशा कमलताई वळल्या. पदर खांद्यावर सरळ होता आणि हात मोकळे. या वेळी मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

लग्नानंतर फोटो आला. कमलताई मुलीशेजारी ताठ उभ्या. नलूने विचारलं, तुमचा मापाचा ब्लाऊज माझ्याकडेच आहे, कुठल्या पत्त्यावर पाठवू?

उत्तर लगेच आलं. 'तो परत नको. पुढच्या वेळी मापाला हा नवाच पाठवेन.'