नील नावाचा पिवळा गुलाब

"मैडम, आपका नीला गुलाब कहाँ है?"

उद्यान विभागाचे सक्सेनाजी माझंच पत्रक माझ्या नाकासमोर नाचवत होते. पत्रकावर ठळक अक्षरांत 'नील गुलाब बचाओ'. खाली टपोरं फूल, निळंशार. आणि आम्ही ज्या कमानीखाली उभे होतो, तिच्यावर पसरलेल्या वेलीला फुलं होती पिवळी. लोण्यासारखी पिवळी.

मी लखनौमध्ये एका छोट्या संस्थेत काम करते. जुनी झाडं तुटू नयेत म्हणून पत्रकं लिहायची, ऑफिसांत खेटे घालायचे आणि वेळ पडली तर भांडायचं. चौक भागातल्या या बागेची कमान पाडून तिथे मोठं लोखंडी गेट बसवायचं ठरलं होतं. कमानीवरच्या गुलाबाला अख्खा मोहल्ला 'नील' म्हणायचा. का, ते कुणी विचारलं नव्हतं. पत्रकाचा मजकूर मी फोनवर सांगितला आणि प्रेसवाल्या भैयाने 'नील' ऐकून फूल निळं करून टाकलं. गठ्ठा हातात आला तोवर निम्मी पत्रकं वाटूनही झाली होती.

"विभाग का नियम है," सक्सेनाजी म्हणाले. "हेरिटेज प्लांट साबित करो, तो बचेगा. यहाँ तो नाम नील, फूल पीला! ऊपर से बीमार."

"बीमार?" माझा आवाज चढला. "गिराना है, तो कुछ भी कहेंगे?"

"देखिए न! हर फूल मुँह लटकाए है. गर्दन में दम ही नहीं. और गुलाब की खुशबू भी नहीं. चाय की पत्ती जैसी आती है."

शुक्रवारी ठेकेदार येणार होता. रविवारी समोरच्या घरात शीबाचा निकाह होता. तिची अम्मी नसरीन आपा, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांच्या घरातल्या प्रत्येक नवरीचा फोटो याच वेलीखाली काढलेला. आपाही कमानीपाशी येऊन उभ्या होत्या.

"आपा, नील क्यों कहते हैं इसे?"

"अल्लाह जाने. हमारी सास तो मारसल नील कहती थीं. हम समझे मखमल-वखमल जैसा कोई लफ़्ज़ होगा."

घरी अलीगंजला आले आणि आईला सांगितलं. आई वनस्पतिशास्त्रज्ञ, मूळची सांगलीची. पोळी तव्यावर तशीच टाकून ती हसत सुटली.

"अगं, मार्शल नील! तो नील म्हणजे रंग नव्हे, माणूस. फ्रान्सचा सेनापती. त्याचं नाव दिलेला दीडशे वर्षांपूर्वीचा गुलाब आहे तो. पिवळाच असतो!"

"तो फिर हो गया न? कल ही जाके बोलती हूँ."

"मराठीत बोल. आणि काही झालं नाही. कुणाची सासू म्हणाली म्हणून गुलाबाची जात ठरत नाही. नावं तोंडोतोंडी फिरतात आणि भलत्याच झाडाला जाऊन चिकटतात. लक्षणं जुळली पाहिजेत. पोळी उलट आधी, करपतेय!"

जुन्या गुलाबांची ओळख अशीच पटवतात. आधी ऐकीव नाव, मग जातीचं जुनं छापील वर्णन, मग झाड. तिन्ही जुळलं तरच जात पक्की.

गुरुवारी सकाळी आई स्वतः आली, पर्समध्ये वर्णनाची झेरॉक्स घेऊन. सक्सेनाजी घड्याळ बघत उभे, समोरून आपाही आलेल्या. मी भांडायच्या तयारीत. आईने मला कोपराने मागे सारलं.

"सर, परसों आपने इस पौधे में क्या-क्या खराबी बताई थी? ज़रा फिर से बताइए."

सक्सेनाजी खुशीत आले. "फूल लटकते हैं."

आईने कागदावर बोट ठेवून वाचलं, "डंठल नाज़ुक, फूल नीचे झुका हुआ."

"खुशबू चाय जैसी."

"खुशबू चाय की पत्ती जैसी, गाढ़ी."

"और चढ़ता ही जाता है, काबू में नहीं रहता!"

"बेल ज़ोरदार."

सक्सेनाजी थांबले. कागद ओढून घेतला. वाचला. मग पहिल्यांदाच त्यांनी कमानीखाली जाऊन मान वर केली. हा गुलाब खालूनच बघायचा असतो. म्हणून तर तो कमानीवर चढवतात. फुलं सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"अरे यार," ते हळूच म्हणाले. "ये तो हमीं को देख रहा है."

"पचास साल से देख रहा है," आपा म्हणाल्या. "आप ही सर नहीं उठाते थे."

सक्सेनाजी स्वतःच हसले, आणि तिथेच त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. गेट बाजूच्या भिंतीत गेलं. रविवारी शीबाचा फोटो वेलीखालीच निघाला. त्यात मी आहे, आई आहे, आणि अगदी मधोमध, पगडी बांधून, सक्सेनाजी आहेत.

एवढं सगळं मला पत्रकात 'अन्याय' हा शब्द सात वेळा लिहूनही जमलं नव्हतं. विरोधकाला पूर्ण बोलू द्यावं, हे तेव्हा शिकले. कधीकधी तो आपलीच बाजू मांडत असतो.

महिन्याभराने विभागाने कमानीपाशी पाटी लावली. 'मार्शल नील' अगदी बिनचूक लिहिलंय. शेजारी पेंटरने हौसेने एक गुलाब काढलाय.

निळा.