रिक्त संच एकच असतो

चूक माझी होती, आणि ती मी हसत हसत केली.

हिंदी मुलखात, रांझीतल्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत, मी कॉलेजच्या मुलांची गणिताची शिकवणी घेतो. त्या संध्याकाळी संच शिकवत होतो. दोन संचांतले घटक तेच असतील, तर ते दोन नसतातच, एकच असतो. त्याला कोणत्या नावाने हाक मारली, कुठल्या वाटेने त्याच्यापाशी पोचलात, याला काही किंमत नाही. म्हणून घटकच नसलेला, रिक्त संच जगात एकच. मला हे फार आवडायचं. गणितातल्या वस्तूंना मागचं काही नसतं, चेहरा नसतो.

एका मुलीला पटेना. "सर, हाथी का न होना और घोड़े का न होना एक ही बात कैसे हुई?"

प्रश्न चांगला होता. त्यावर थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "देखो, इस कमरे के हाथियों का सेट, खाली. मेरे बच्चों का सेट, वह भी खाली. तो दोनों एक ही सेट हुए."

"सर, हाथी आ भी जाए तो बैठेगा कहाँ?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

आम्हाला मुलगी झाली होती. जन्मली, रडली, पण दवाखान्यातून घरी आलीच नाही. सासरे आणि मी तिला शेवटचं नदीवर, ग्वारीघाटला नेलं. बायको ऑपरेशननंतर शुद्धीवर यायची होती. पुढे मूल झालं नाही. नाव ठेवलं नव्हतं, तेव्हा बोलण्यासारखंही काही नाही, असं मी धरून चाललो.

मुलं गेल्यावर तिने विचारलं, "आपल्या घरी हत्ती कधी आला होता का हो?"

"अगं, उदाहरण होतं ते."

"दुसरं नाही सुचलं?"

"गणितात रिकामं ते रिकामं. काहून मनाला लावून घेऊन राहिली?"

तिने कप उचलले. त्यानंतर शिकवणीच्या वेळी ती बाहेर आली नाही. ट्रे आतल्या स्टुलावर ठेवलेला असायचा. पूर्वी मधूनच म्हणायची, "आता दहावीला असती." तेही बंद झालं. मला वाटलं, सावरली. बरंही वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

या हिवाळ्यात तिचं पोट दुखू लागलं, म्हणून सदर बाजारातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कागद भरताना त्यांनी विचारलं, "बच्चे?"

"नहीं हैं," मी सवयीने म्हणालो.

बाई पडद्यामागे तिला तपासून आल्या. "भैया, टाँकों का निशान है. बच्चा तो हुआ है न?"

पडद्यामागून बायकोचा आवाज आला, "इन्हीं से पूछिए, दीदी. गणित के प्रोफ़ेसर हैं."

खुर्चीवर बसल्या बसल्या मला माझंच चुकलेलं उत्तर दिसलं, एखाद्या विद्यार्थ्याच्या पेपरात दिसावं तसं. संचाला काळ कळत नाही. आहे आणि होती, हा फरक तिथे नाहीच. मग आमच्या मुलांच्या संचात ती पहिल्यापासून होती. तो रिकामा कधी नव्हताच. गणिताने मला असं काही बोलायला लावलं नव्हतं. तिला खोडलं होतं ते मी.

"एक," मी बाईंना म्हणालो. "बेटी."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

औषधं घेऊन आम्ही ऑटोची वाट पाहत उभे राहिलो. ती बाजाराकडे बघत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही तर पाहिली होती तिला. मी नाही."

मुलगी दिसायला कशी होती, हे इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. एक ऑटो थांबला. मी हात हलवून त्याला जाऊ दिलं.

"चुकलो मी," म्हणालो. "मुलांसमोर बोललो ते, आणि त्याच्या आधीपासूनचं सगळं. आपली मुलगी होती आणि मी नाही म्हणत राहिलो. माफ कर मला. केस खूप होते तिला, काळे, कानांवर आलेले. हनुवटी तुझी होती. हे मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं."